सास्कॅटूनच्या विद्यापीठाचे जुने फोटो: उजाड माळावर एवढी मोठी इमारत कशी काय?

नाशिकची_मावशी
नमस्कार मंडळी. माझी लेक गेल्या सप्टेंबरपासून कॅनडात सास्कॅटूनला आहे, मृदाशास्त्रात एमएस्सी करतेय. थंडीत फार बाहेर पडता येत नाही म्हणून ती विद्यापीठाच्या अर्काइव्हजमधले जुने फोटो मला पाठवायला लागली आणि आता मलाच त्याचं वेड लागलंय, रात्री मागचं आवरलं की मी फोनवर झूम करकरून एकेक फोटो बघत बसते. पण बरंच काही उलगडत नाही. एका फोटोत नजर जाईल तिथपर्यंत सपाट माळ, झाड म्हणून नाही, आणि मधेच एक भलीमोठी दगडी इमारत, समोर नुसता चिखल आणि त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या. आसपास वस्तीच दिसत नाही तर शिकायला येणार होतं कोण? दुसरा फोटो गोठ्याचा, तोही दगडी भिंतींचा, आपल्याकडे एखाद्या वाड्याला नसेल इतका देखणा. विद्यापीठ एवढा खर्च गोठ्यावर का करेल? आणि तिसरा रेल्वेचा, स्टेशनात गाडी उभी, समोर ही गर्दी, बायकांच्या कडेवर पोरं, आणि एका उघड्या डब्यावर चक्क गाय उभी! कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

सास्कॅटूनकर
मावशी, मी इथे एकोणीस वर्षं राहतोय आणि तुमच्या त्या पहिल्या फोटोतल्या इमारतीवरून आठवड्यातून दोनदा तरी जातो. सास्कॅचेवान हा प्रांतच मुळात १९०५ साली झाला, १९०७ मध्ये विद्यापीठाचा कायदा आला, १९०९ ला सास्कॅटून हे ठिकाण ठरलं आणि त्याच वर्षी गावातल्या एका व्यापारी इमारतीत जागा घेऊन वर्ग सुरूपण झाले. म्हणजे विद्यार्थी आधी होते, फोटोतली इमारत नंतरची. तिची कोनशिला १९१० च्या जुलैत पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांनी बसवली आणि १९१३ ला तिचं उद्घाटन झालं. वस्ती दिसत नाही कारण गाव नदीच्या पलीकडे आणि कॅमेरा बहुतेक गावाकडे पाठ करून उभा असणार. दगड मात्र इथलाच, करड्या रंगाचा, ग्रेस्टोन म्हणतात, अजूनही कॅम्पसवर नवीन इमारतींना तोच लावायचा प्रयत्न असतो. आत कॉरिडॉरच्या भिंतींवर रंगवलेल्या फिती आहेत आणि त्यांवर पहिल्या महायुद्धावर गेलेल्या विद्यार्थी-शिक्षकांची नावं, लेकीला सांगा हळूहळू चालत वाचत जा.

गोठ्याचं म्हणाल तर पहिले प्रेसिडेंट वॉल्टर मरे यांचं म्हणणंच होतं की शेतीकॉलेज वेगळं कुठेतरी टाकायचं नाही, ते विद्यापीठाच्या आवारातच पाहिजे. शेजारच्या मॅनिटोबात शेतीकॉलेज आधी वेगळं होतं, इथे सुरुवातीपासून एकत्र. त्यामुळे तो गोठा म्हणजे वर्गच होता हो, गुरं तपासायला पोरं तिथेच जमायची.

गाडी म्हणजे बेटर फार्मिंग ट्रेन. १९१४ ते १९२२ च्या दरम्यान उन्हाळ्यात ही गाडी गावोगाव फिरायची, विद्यापीठ आणि प्रांताचं शेतीखातं मिळून चालवायचे. डब्यात जनावरं, बियाणं, अवजारं, घरकामाचे डेमो, आणि आया व्याख्यान ऐकत असताना पोरं सांभाळायला वेगळा डबा! मला तर या सगळ्यात हा डबाच सगळ्यात जास्त आवडतो, कारण ज्याने कुणी तो जोडला त्याला कळलेलं होतं की बाई कडेवर पोर घेऊन तासभर उभी राहू शकत नाही.

गव्हाची_ओंबी
ताई, मी शेतीखात्यातून रिटायर झालोय त्यामुळे माझा जीव सगळा शेताच्या फोटोंत. लेकीला विचारा, गव्हाच्या प्रयोगाच्या वाफ्यांचे फोटो आहेत का? लहान लहान पट्टे, प्रत्येकाला लाकडी पाटी, आणि मध्ये टोपीवाला माणूस वाकून ओंबी बघतोय, असला फोटो दिसला तर जपून ठेवा. तिकडचा सगळ्यात गाजलेला गहू म्हणजे मार्क्विस. चार्ल्स सॉन्डर्स यांनी तो निवडला, ते विद्यापीठाचे नव्हेत, ओटावाच्या सरकारी प्रायोगिक शेतावरचे. रेड फाइफ या तिकडच्या गव्हाचा संकर केला होता हार्ड रेड कलकत्ता या गव्हाशी. हो, कलकत्ताच, आपल्या हिंदुस्थानातला! रेड फाइफ उशिरा पिकायचा आणि थंडीच्या कडाक्यात सापडायचा, मार्क्विस आठवडाभर आधी तयार व्हायचा, त्या प्रेअरीत, म्हणजे तिकडच्या सपाट गवताळ मुलखात, आठवडा म्हणजे पीक हाती येणार की जाणार एवढा फरक. चिकटपणा बघायला सॉन्डर्स गहू तोंडात टाकून चावून बघायचे. आम्ही लहानपणी खळ्यावर मूठभर गहू चावून चावून त्याचं च्युइंगगम करायचो ना, तेच. १९११ मध्ये रोस्थर्नच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्याने याच गव्हावर न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मारलं, आणि रोस्थर्न सास्कॅटूनपासून लांब नाही.

पण मार्क्विसला तांबेरा हा बुरशीचा रोग लागायचा. १९१६ ला लागला, १९३५ ला परत लागला, आणि ज्याने तांबेरा पाहिलाय त्यालाच कळेल, शेतातून चालत गेलं की विजारीला तांबूस भुकटी लागते आणि दाणा नुसता चिपाड. सास्कॅटूनच्या विद्यापीठातल्या हॅरिंग्टन यांनी तांबेऱ्याला तोंड देणारा अपेक्स नावाचा वाण काढला, तो १९३७ ला आला. आपल्याकडे महाबळेश्वरला तांबेऱ्यावरच काम करणारं केंद्र आहे, मी तिथे ट्रेनिंगला होतो. त्यामुळे असे वाफ्यांचे फोटो बघितले की मला ते परके वाटतच नाहीत.

परळवाली
मी फक्त एका फोटोबद्दल लिहिते. त्याच विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जॉन्स आणि सिल्व्हिया फेडोरुक कॅन्सरवर किरणांचे उपचार करणाऱ्या कोबाल्टच्या मशीनपाशी आहेत तो फोटो बघा. आमच्या आईला परळला शेक दिले होते तेव्हा बाहेर बाकावर बसून सगळे 'कोबाल्टचे शेक' म्हणायचे, मला वाटायचं कोबाल्ट हे मशीनच्या कंपनीचं नाव असावं. नंतर कळलं की १९५१ साली कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूने उपचार सुरू झाले ते कॅनडात, जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी, त्यातलं एक हे सास्कॅटून. आधीच्या एक्स-रे मशीननी खोलवर पोचायचं म्हटलं की वरची कातडी भाजायची. जॉन्स यांच्या टीमने किरण किती खोल किती पोचतात ते मोजून घेतलं आणि मग नोव्हेंबरमध्ये पहिल्या पेशंटला दिले. ती चार मुलांची आई होती आणि पुढे कित्येक वर्षं जगली. फेडोरुक त्या वेळी तरुण होत्या, युक्रेनहून आलेल्यांच्या घरातल्या, पुढे प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या आणि त्याआधी कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळात, राष्ट्रीय विजेत्या संघातही खेळल्या. आता आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेसुद्धा भाभाट्रॉन नावाचं कोबाल्ट मशीन विकसित केलंय. मी त्या फोटोची प्रिंट काढून आईच्या फाइलमध्ये ठेवलीये.

नदीकाठचा
सगळ्यांनी छान सांगितलं, एक भर घालतो. त्या 'उजाड' माळावर माणसं होती. ती जमीन सहाव्या कराराच्या मुलखातली, म्हणजे सरकार आणि मूलनिवासी यांच्यातला १८७६ चा करार, क्री आणि इतर मूलनिवासी लोकांची भूमी, मूलनिवासी-युरोपीय मिश्र वंशाच्या मेटी लोकांचंही घर. त्याच वर्षीच्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये तरतूद होती की विद्यापीठाची पदवी घेतली की त्या माणसाचा 'इंडियन', म्हणजे कायद्याने मूलनिवासी असल्याचा, दर्जा जायचा. म्हणजे शिकायचं तर आपल्या माणसांतून कायद्याने बाहेर पडायचं! सुरुवातीच्या वर्गांच्या ग्रुप फोटोत तुम्ही त्यांचे चेहरे शोधाल तर ते क्वचितच दिसतील. मावशी, उजाड हा शब्द मला त्यासाठीच खटकला, तुमच्यावर राग नाही.

नाशिकची_मावशी
नदीकाठचा, बरं झालं सांगितलंत, शीर्षक बदलता येत नाहीये नाहीतर आत्ताच बदललं असतं. काल व्हिडिओकॉलवर लेकीला हा सगळा धागा वाचून दाखवला. ती आज लॅबला जाताना त्या कॉरिडॉरमधून गेली आणि तिथूनच फोन लावला, कॅमेरा भिंतीवर धरून हळूहळू चालत होती, मी नावं वाचत होते, अर्धी वाचून झाली आणि तिला प्रॅक्टिकलला उशीर झाला. उरलेली उद्या वाचणार आहोत. ओंबीदादा, वाफ्यांचा एक फोटो सापडलाय, पाट्या आहेत पण त्यावरचं काही लागत नाही, तुम्हाला मेसेजमध्ये पाठवते, जरा बघता का?