ॲनफिल्डचा 'कॉप' : हुतात्म्यांचं स्मारक की पेपरवाल्याने ठेवलेलं टोपणनाव?

गोलरेषा
लिव्हरपूलची मॅच लागली की समालोचकाच्या तोंडी दर पाच मिनिटांनी 'कॉप' येतो. एका गोलमागचा तो अख्खा लाल उतार. नावाची गोष्ट आपल्याकडच्या चाहत्यांनाही पाठ आहे : दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (इंग्रज विरुद्ध तिथले डच वंशाचे बोअर) स्पायन कॉप नावाच्या टेकडीवर लिव्हरपूलची पोरं मेली, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. नावाला माझा विरोध नाही. ही गोष्ट मात्र जशी सांगतात तशी पटत नाही.

आधी लढाई. जानेवारी १९००, नाताळ प्रांत. लेडीस्मिथ गावाला बोअरांचा वेढा आणि तो फोडायला निघालेलं जनरल बुलरचं सैन्य तुगेला नदीपाशी अडलेलं. २३ तारखेच्या रात्री लँकेशायरच्या तुकड्या अंधारात आणि धुक्यात टेकडी चढल्या. माथ्यावर खंदक खणायला घेतले तर वीतभर मातीखाली खडक. जेमतेम गुडघाभर चर निघाला. सकाळी धुकं उठल्यावर कळलं की चर चुकीच्या जागी आहे, उताराची कड अजून पुढे आहे आणि शेजारच्या उंचवट्यांवरून बोअरांना तो सरळ दिसतोय. दिवसभर वरून तोफा आणि बाजूने बंदुका. जनरल वुडगेट सकाळीच कोसळला. रात्री कर्नल थॉर्निक्रॉफ्टने वरिष्ठांना न विचारता माघार घेतली. गंमत म्हणजे त्याच रात्री बरेचसे बोअरही वैतागून खाली उतरले होते! बोअरांचा सेनापती बोथाने त्यांना थोपवलं, सकाळी त्यांना टेकडी रिकामी मिळाली. इंग्रजांचे अडीचशेच्या आसपास मेले. जखमी आणि कैदी धरले तर दीड हजाराच्या घरात. मेलेल्यांना त्या चरांतच पुरलं.

आता ॲनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूलचं मैदान. १९०६ मध्ये क्लबने दुसऱ्यांदा लीग जिंकली आणि वॉल्टन ब्रेक रोडच्या बाजूला प्रेक्षकांसाठी मोठा उतार उभारला. त्याला स्पायन कॉप म्हणा असं सुचवलं अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा संपादकाने. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १९०४ मध्ये, लंडनच्या एका बातमीदाराने आर्सेनलच्या प्लमस्टीडच्या मैदानातल्या गर्दीला हीच उपमा दिली होती. म्हणजे चढावर खच्चून भरलेली माणसं पाहिली की त्या काळच्या पेपरवाल्याला स्पायन कॉप आठवायचं.

आणखी एक. लिव्हरपूलची स्वतःची किंग्ज रेजिमेंट. तिची पहिली बटालियन त्या दिवशी टेकडीवर नव्हतीच, ती लेडीस्मिथच्या आत वेढ्यात अडकली होती. या रेजिमेंटचं दगडी स्मारक शहराने १९०५ मध्ये सेंट जॉन्स गार्डन्समध्ये उभारलं, उद्घाटनाला लेडीस्मिथ लढवणारा सर जॉर्ज व्हाइट स्वतः आला होता. स्मारक हवं होतं तेव्हा शहराने स्मारक बांधलं. स्टँडला मिळालं ते टोपणनाव.

ठाण्याचा_रेड
उगाच फोड करताय. टेकडीवर कोण होतं? लँकेशायर फ्युजिलिअर्स, रॉयल लँकेस्टर, साउथ लँकेशायर. तेव्हा लिव्हरपूल लँकेशायरमध्येच होतं. गोदीत काम मिळालं नाही की पोरगा भरतीला जायचा, जी रेजिमेंट घेईल तिच्यात. रेजिमेंटच्या नावावरून माणसाचं गाव ठरवायचं तर आपल्या मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, मग काय सगळे जवान बेळगावचे?

आणि नुसता चढच दाखवायचा होता तर इंग्लंडात टेकड्या कमी होत्या का? एडवर्ड्सने सहा वर्षांपूर्वीची, घराघरांत ठाऊक असलेली जखम उचलली. त्या उतारावर उभ्या राहणाऱ्यांत ते युद्ध करून आलेले लोक असणारच. त्यांना कोणी सांगायला नको होतं की हे टोपणनाव आहे का स्मारक.

गोलरेषा
तुमचा दुसरा मुद्दा दमदार आहे. पण मग प्लमस्टीडच्या बातमीदाराने कोणाची जखम उचलली? शेफिल्ड, बर्मिंगहॅम, लीड्स, नॉर्दॅम्प्टन, सगळीकडे कॉप झाले. सगळ्या गावांची पोरं त्या एका टेकडीवर नव्हती.

जुनी_पाटी
तुम्ही दोघं स्मारक की टोपणनाव यात अडकलात. मी म्हणतो, नावच कशाला हवं? ते युद्ध बोअरांच्या ट्रान्सवालमधल्या सोन्यासाठी झालं. पुढे इंग्रजांनी बोअरांची शेतं जाळली, बायकापोरांना छावण्यांत कोंडलं, तिथे २६,००० हून जास्त मेले. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या, त्यांचे मृत्यू तर धड नोंदवलेही नाहीत. अशा युद्धातल्या टेकडीचं नाव घेऊन दर आठवड्याला गाणी म्हणायची?

गोलरेषा
छावण्या स्पायन कॉपनंतरच्या, पण मुद्दा मान्य. फक्त एक विचारतो. मुंबईत चर्चगेटला उतरून आपण ज्या मैदानात क्रिकेट बघतो, ते १९३७ पासून लॉर्ड ब्रेबॉर्नच्या नावाने आहे. गव्हर्नर होता तो आपल्यावरचा. तिथे बसून तुम्हाला साम्राज्याचा जयजयकार केल्यासारखं वाटतं का?

जुनी_पाटी
वाटतं. नाव बदललं तर मी पेढे वाटेन.

कट्ट्यावरचा_काका
ब्रेबॉर्नसाठी वेगळा धागा काढा रे. इथे सुरू झालात तर फुटबॉल राहील बाजूला आणि शिवाजी पार्कापर्यंत जाल.

डर्बन_ते_दादर
कामानिमित्त काही वर्षं डर्बनला होते, म्हणून लिहिते. या गोष्टीत आपली माणसं आहेत आणि ती वगळूनच ती सांगितली जाते. नाताळमधल्या हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक, साधारण ११०० माणसं, त्यातली तीनशेच्या आसपास स्वतंत्र आणि बाकी सगळी गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर. उभं केलं गांधींनी. करारानुसार त्यांना गोळीच्या टप्प्यात जायचं नव्हतं. स्पायन कॉपच्या पराभवानंतर मात्र बुलरकडून विचारणा आली आणि ते आत गेले. जखमींना डोलीत घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत तळावर पोचवलं. गांधींची सहानुभूती बोअरांकडे होती, त्यांनी ती आत्मकथेत लपवलेली नाही. तरी साम्राज्याचे नागरिक म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्य करून दाखवू, हा त्यांचा तेव्हाचा हिशोब. पदकं मिळाली ती पथकातल्या म्होरक्यांना. डोल्या वाहणाऱ्या मजुरांना काय मिळालं, ते परत मळ्यांवर आणि खाणींत गेले.

लेडीस्मिथच्या आतही प्रभू सिंग नावाचा एक गिरमिटिया होता. बोअरांच्या मोठ्या तोफेचा जाळ दिसला की झाडावर बसून घंटा वाजवायचा, म्हणजे गोळा येईपर्यंत लोक आडोशाला जातील. त्याच्या नावाचा स्टँड कुठे आहे?

म्हणून 'जुनी_पाटी' यांना विरोध. नाव पुसलं तर हे विचारायची जागाही जाईल.

माहितीचा_खजिना
गांधी, चर्चिल आणि बोथा, तिघेही त्या दिवशी एकाच टेकडीवर होते!! पुढे तिघेही आपापल्या देशाचे नेते!!

डर्बन_ते_दादर
हे फॉरवर्ड मलाही वर्षातून दोनदा येतं. चर्चिल बातमीदार आणि लेफ्टनंट म्हणून निरोप घेऊन वरखाली करत होता, बोथा समोरच्या बाजूने लढाई चालवत होता, गांधी जखमींच्या मागे. तिघं एका फोटोत बसवायची हौस कशाला? तीन नावं आली की अकराशे माणसं फ्रेमबाहेर जातात.

नगरी_बाणा
आमच्या नगरच्या किल्ल्यात याच युद्धातले बोअर कैदी आणून ठेवले होते. पुढे १९४२ ला नेहरूही तिथेच. टूर गाइड नेहरूंची खोली दाखवतो, बोअरांचं नाव काढत नाही. धाग्याशी संबंध आहे का ठाऊक नाही, राहवलं नाही.

सेंटर_हाफ
सगळ्यांना एक आठवण. ज्या कॉपबद्दल भांडताय तो १९९४ मध्ये पाडला. ३० एप्रिलला नॉरिचविरुद्ध शेवटचा उभ्याचा सामना, ०-१ हरले. एके काळी तिथे २८-३० हजार माणसं उभी राहायची, आता बारा-तेरा हजार खुर्च्या. आणि उभ्याचे स्टँड का गेले? १५ एप्रिल १९८९, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानातली चेंगराचेंगरी. लिव्हरपूलची ९७ माणसं गेली. त्या मैदानातही एका टोकाला कॉप आहेच, पण लिव्हरपूलच्या लोकांना त्या दिवशी समोरचं लेपिंग्ज लेनचं टोक दिलं होतं. आजच्या लिव्हरपूलकराला कॉप म्हटल्यावर मेलेले आठवतात ते हे. १९०० सालचे नाही. त्यामुळे एडवर्ड्सच्या मनात काय होतं यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही, आणि बोअर युद्धाच्या पापाचं बिल त्या लोकांच्या नावावर फाडण्यात तर मुळीच नाही.

जुनी_पाटी
हिल्सबरोबद्दल एक शब्दही उलटा बोलणार नाही. पण नाव लोकांनी आपलं केलं म्हणून मूळ धुऊन निघतं, हे पटत नाही. मग कुठलंच नाव कधीच विचारता येणार नाही.

ठाण्याचा_रेड
विचारा की! मैदानाच्या सहलीत पैसे मोजून लोक जातात, तिथे टेकडीची गोष्ट सांगताना डोलीवाल्यांचीही सांगा. माझी हरकत नाही. मात्र 'टोपणनाव' हा शब्द गोलरेषांनी मागे घ्यावा.

गोलरेषा
नाही घेत. १९०५ चा दगड शहरात उभा आहे, तो आधी बघून या.