सल्ला हवा: किनाऱ्यावरील पक्ष्यांची छायाचित्रे स्पष्ट येतात, पण त्यांत जीव वाटत नाही

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात राहतो आणि हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. निकॉनचा २४ मेगापिक्सेलचा डीएक्स (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स माझ्याकडे आहे. डोळ्यावर फोकस नेमका बसतो आणि पीसही मोजता येतात, परंतु पाखरू कोणत्या जागी, कोणत्या हवेत होते याचा छायाचित्रावरून मागमूस लागत नाही. सगळी चित्रे ओळखपुस्तिकेत छापल्यासारखी दिसतात. पंचवीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, त्याहून अधिक शक्य नाही. लेन्स घ्यावी, कार्यशाळा करावी, की संपादनाचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे?

टेलीप्रेमी
सिग्माची १५०-६०० ही दूरचे जवळ आणणारी लेन्स घ्यावी, दुसरा विचारच करू नये. मी ती घेतल्यापासून खाडीपलीकडच्या माडावर बसलेला समुद्री गरुडही चौकटभर मिळतो. पैसे कमी पडत असतील तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावे, पण मधली लेन्स घेऊन रक्कम वाया घालवू नये.

भरतीवेळ
खाडीकाठ दादा, लेन्सआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाताशी ठेवा. ओहोटीला चिखल्या आणि तुतारी हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी दूरवर पांगलेले असतात. भरती चढू लागली की वाळूची पट्टी आखूड होत जाते आणि तेच थवे आपोआप वर सरकतात. अशा वेळी पुढे चालत न जाता वाळूवर पालथे पडून राहिल्यास पक्षी स्वतःहून जवळ येतात, आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर असल्याने मागची लाट विरघळून नुसता रंग उरतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून भरती आणि कोवळे ऊन एकत्र येणाऱ्या सकाळी आधीच वहीत मांडून ठेवाव्यात. थव्याच्या मागे धावून त्याला उडवणे मात्र कटाक्षाने टाळावे. दूरवरून स्थलांतर करून आलेल्या त्या पाखरांना खाण्यासाठी ओहोटीचे मोजकेच तास मिळतात.

बागायतदार
लेन्स कोणतीही घ्या, ती सांभाळणार कशी ते आधी ठरवा. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सवर बुरशी चढली आणि शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने साफसफाईचे भरमसाट पैसे घेऊन ती पूर्वीपेक्षा धूसर करून परत दिली. तो राग अजून गेलेला नाही. हवाबंद डबा, ओलावा शोषणारे सिलिका जेल आणि आर्द्रतामापक एवढे साहित्य थोडक्या पैशांत होते. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. किनाऱ्यावरून आल्यावर किंचित ओलसर फडक्याने कॅमेऱ्याच्या बॉडीवरचे मीठ पुसावे आणि वाऱ्यात लेन्स बदलू नये.

टेलीप्रेमी
काका, बुरशीची भीती धरून कोणी लेन्स घ्यायचे थांबत नाही. ३०० मध्ये पक्षी लहान येतो, हेच मूळ दुखणे आहे.

वाशिष्ठीकाठ
हे मला मान्य नाही. डीएक्स सेन्सरवर ३०० ची चौकट फुल फ्रेमवरील ४५० इतकी होते. शिवाय ऊन चढले की वाळूवरील तापलेली हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी ६०० ने जवळ ओढला तरी त्याच्या कडा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारख्या येतात; त्यावर महागड्या काचेचा इलाज नाही. आपला समुद्र पश्चिमेला आहे, ही गोष्ट येथे कोणीच काढली नाही. सकाळी समुद्राकडे तोंड केले की सूर्य पाठीशी असतो, म्हणून पक्षी स्वच्छ उजळतो पण सपाट दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो. तेव्हा पिसांचा तपशील सोडून द्यावा, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) आकाशाप्रमाणे ठेवावे आणि पक्ष्याची नुसती काळी आकृती टिपावी. त्यासाठी चोच, मान आणि पाय एकमेकांवर न येता सुटे दिसतील त्या क्षणाची वाट पाहावी लागते. खाडीकाठ, आपली सगळी छायाचित्रे सकाळची असावीत, असा माझा अंदाज आहे.

भरतीवेळ
वाशिष्ठीकाठ यांच्या म्हणण्यात भर घालते. पांढऱ्या बगळ्यामागे काळपट कांदळवन असेल तर कॅमेरा सगळे दृश्य काळपट समजून करड्याइतके उजळ करतो आणि बगळ्याची पिसे जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी उरतात. तेथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करण्याची कॅमेऱ्यातली सोय, उणे १ च्या आसपास न्यावे. ढगाळ आकाशातल्या घारीसाठी नेमके उलट, म्हणजे अधिक १. उडता पक्षी गोठवायचा असेल तर शटर १/२००० सेकंद, आणि वेग दाखवायचा असेल तर १/३० ठेवून कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवावा. बहुतेक चौकटी फुकट जातील, पण उरलेली एखादी तुमची स्वतःची असेल.

माडबन
मी एका कार्यशाळेला पैसे भरून गेलो होतो. तेथे मार्गदर्शक मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना फांदीवर बोलावत होता आणि पुढे तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर सगळ्यांना रांगेत उभे केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरट्याला बाधा आणणे हा शिकारीच्या व्याख्येत मोडणारा गुन्हा आहे. कार्यशाळा निवडताना हे आधी विचारून घ्यावे. त्यापेक्षा हंगामात आंजर्ले किंवा वेळासला जाऊन कासवाची पिल्ले टिपावीत.

वाशिष्ठीकाठ
जरूर जावे, पण फ्लॅश आणि विजेरी बंद ठेवून. पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्राकडे निघतात, त्यामुळे कृत्रिम प्रकाशाने ती भरकटतात. आणि ती संवर्धन केंद्रातून सोडलेली आहेत, हे छायाचित्राखाली लिहिले पाहिजे.

माडबन
ते लिहिल्याने छायाचित्र कमअस्सल ठरते असे मला वाटत नाही. तेथील ग्रामस्थांनी अंडी राखली म्हणूनच ती पिल्ले दिसतात.

वाशिष्ठीकाठ
कमअस्सल मी म्हटलेच नाही. लिहावे, इतकेच म्हटले. आता संपादनाविषयी. सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही विनामूल्य आहेत. छायाचित्र रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये काढावे, कारण १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६. सावलीतले पोट उजळताना हा फरक डोळ्यांना दिसतो. प्रथम क्षितिज सरळ करावे, मग उजेड, मग रंग. सकाळच्या उन्हाने पिवळसर झालेला कुरव (सीगल) पांढराशुभ्र करू नये, कारण ती सकाळ त्या पिवळेपणातच आहे. कापताना रुंदी व उंची निम्मी केली की २४ पैकी ६ मेगापिक्सेलच उरतात. पक्षी मोठा करण्यासाठी कापण्यापेक्षा त्याच्याभोवतीची ओली वाळू, होडीचा दोर, कांदळाची मुळे राहू द्यावीत.

खाडीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. होय, माझी जवळजवळ सगळी छायाचित्रे सकाळचीच आहेत. भरतीची वही आजपासून सुरू करतो, हवाबंद डबाही घेतो. मात्र उरलेल्या रकमेतून मी कोणीतरी आधी वापरलेली १०-२० ची, रुंद दृश्य टिपणारी लेन्स घ्यायचे ठरवले आहे. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी हिवाळ्यात कुरवांचे थवे होड्यांच्या इतके जवळ घिरट्या घालतात की ३०० मध्ये ते मावत नाहीत. पंख, डोलकाठी, टोपल्या उचलणारी माणसे आणि मागे सुवर्णदुर्ग, हे सारे एका चौकटीत मला हवे आहे. लिलावाला अडथळा होणार नाही अशी जागा कोळी बांधवांना विचारूनच धरीन.

टेलीप्रेमी
पक्ष्यांसाठी १०-२०? दोन महिन्यांत ती विकायला काढाल. मी अजूनही १५०-६०० च सांगेन.

भरतीवेळ
मला निर्णय पटला नाही, पण पहिली छायाचित्रे येथेच टाकावीत. शटर १/१००० च्या खाली नेऊ नका. रुंद लेन्समध्येही जवळून जाणारा पंख हलतो.

बागायतदार
वापरलेली लेन्स घेताना दोन्ही झाकणे काढून मागून विजेरी मारावी आणि तिरक्या कोनातून पाहावे. कोळीकिड्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसले तर सौदा सोडावा. शिवाय निकॉनची १०-२० ही एएफ-पी या फोकस-मोटरच्या प्रकारची आहे आणि काही जुन्या बॉड्यांवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. आपली बॉडी नेमकी कोणती, ते पैसे देण्याआधी येथे कळवा.