मुख्याध्यापकाला माणसं कळावीत की शालार्थ?

खडूफळा
खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापक ठरतो सेवाज्येष्ठतेने. १९८१ ची नियमावलीच तशी: पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्यांत जो ज्येष्ठ, तो. म्हणजे आयुष्यभर उत्तम भूमिती शिकवलेले सर एका जूनमध्ये अख्ख्या स्टाफचे साहेब होतात. माणसं कशी सांभाळतात, कुणी विचारत नाही.

आमच्याकडे (पेठेतली शाळा, नाव नको) एका बाईंचे वडील ससूनमध्ये होते. हडपसरहून पीएमटीने येताना उशीर झाला, तर साहेबांनी सगळ्यांदेखत मस्टरवर लाल शेरा मारला. बाईंनी तेव्हापासून स्नेहसंमेलन, सहल, जादा तास, सगळ्यातून अंग काढून घेतलं. निवडताना भावनिक समजही बघा, एवढंच म्हणणं आहे.

सकाळसत्र
बघणार कोण? संस्थाचालक! मुलाखत आली की अध्यक्षांचा भाचाच सर्वांत समजूतदार ठरणार. ज्येष्ठता रुक्ष असेल, पण तिला वशिला लागत नाही.
आणि मुख्याध्यापकाचा दिवस बघा: शालार्थ या सरकारी पगारप्रणालीवर पगारबिलं, यू-डायसवर शाळेची माहिती, संचमान्यता म्हणजे पटावरून शिक्षकपदांची मंजुरी, वरून ‘माहिती आजच सादर करा’. लिपिकाची जागा रिकामी. समजूत काढायला वेळ कुठला?

खडूफळा
शेरा मारायला मिळाला की वेळ!

माजी पर्यवेक्षक
दोघंही भावनिक समज म्हणजे गोड बोलणं धरून चाललाय. सॅलोवी आणि मेयर यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली ती क्षमता म्हणून: आपल्या नि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या आणि त्यानुसार वागायचं. आमच्या मुख्याध्यापिका बाई कडक होत्या. दहावीच्या पूर्वपरीक्षेत कॉपी सापडली, मुलाचे वडील तणतणत केबिनमध्ये. बाईंनी पाणी मागवलं, त्यांना पूर्ण बोलू दिलं, मग चिठ्ठी पुढे ठेवली. मार्क एकही वाढवला नाही. गृहस्थ मुकाट गेले.

सकाळसत्र
तो बाईंचा स्वभाव. दोन दिवसांच्या कार्यशाळेत चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र मिळतं, स्वभाव नाही. आधी अधिकार द्या. पटसंख्या घटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि ते तोंडावर सांगायचं मात्र मुख्याध्यापकाने.

खडूफळा
ते पत्र शिपायाकरवी टेबलावर पाठवणारे पाहिलेत आणि समोर बसवून देणारेही. अधिकार दोघांना सारखेच.

सकाळसत्र
बसवून दिलं म्हणून जागा वाचली?

खडूफळा
नाही वाचली. पण समायोजनाच्या, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसरी शाळा देण्याच्या, दिवशी मुख्याध्यापक सर स्वतः सोबत आले, घराजवळची शाळा मिळावी म्हणून बोलले. शासन निर्णयात ते कुठेच लिहिलेलं नाही.