मुलांचा स्क्रीनचा अतिवापर: धाक कमी पडतो की मोकळीक?

प्रश्न
आमचा मुलगा अकरा वर्षांचा असून शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत टॅब सोडत नाही. मी वेळेची मर्यादा घालते, परंतु त्याने हट्ट धरला की त्याचे बाबा ती सैल करतात. अशा अतिवापराचा पालकत्वाच्या शैलीशी खरोखर संबंध असतो का, आणि हे व्यसन समजावे का?

प्रतिसाद १
संबंध आढळतो, मात्र धाक की मोकळीक एवढ्यापुरता तो नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या: हुकमत गाजवणारी, सर्व काही चालवून घेणारी आणि जिव्हाळ्यासह शिस्त लावणारी; पुढे १९८३ मध्ये मॅकोबी व मार्टिन या संशोधकांच्या मांडणीत दुर्लक्ष करणारी ही चौथी शैली आली. जिथे नियम ठाम असतात, त्यामागची कारणे मुलांना सांगितली जातात आणि त्यांचे म्हणणे ऐकूनही घेतले जाते, तिथे अतिवापर सहसा कमी दिसतो. निव्वळ धाकाविषयीचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. आपल्या घरी मला खरी अडचण दिसते ती दोघांच्या विसंगतीची, कारण हट्टाला अधूनमधून यश मिळत राहिले की तो कधीच यश न मिळणाऱ्या हट्टापेक्षा अधिक चिवट होतो. तेव्हा नियम थोडा सौम्य असला तरी चालेल, पण तो दोघांचा असावा.

प्रतिसाद २
वरील मत पटते, तरी एक सावधगिरी हवी. या विषयावरील बरेच अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले असल्याने त्यांतून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. मूल मुळातच अस्वस्थ असेल, तर थकलेले पालक कधी सैल पडतात, कधी अधिक कडक होतात. सगळा दोष पालकांच्या माथी मारणे (आणि बहुधा तो आईच्याच माथी येतो) मला मान्य नाही.

प्रतिसाद ३
व्यसनाविषयी: २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे, सरसकट स्क्रीनवापराचा नव्हे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे, हे सर्व सामान्यतः किमान १२ महिने दिसावे लागते. तासांची संख्या हा निकष नाही. म्हणून आधी तो टॅबवर नेमके काय करतो आणि त्यापायी झोप, अभ्यास व मित्र यांपैकी काय मागे पडले आहे, हे पाहावे.