पिचर भावाच्या कोपराचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. थांबायचं की ऑपरेशन?

वरूडचा_कॅचर

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितो. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

माझा लहान भाऊ १८ वर्षांचा, बारावीला आहे. बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, उजव्या हाताचा. वरूडपासून तेरा किलोमीटरवर आमचं गाव, घरची चार एकर संत्रा. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळलो, विभागापर्यंत गेलो. मग बाबांच्या पाठीचं दुखणं निघालं आणि बगीचा माझ्याकडे आला. तेव्हापासून माझा खेळ म्हणजे रोज संध्याकाळी ग्लोव्ह घालून त्याच्यासमोर उकिडवं बसणं.

आमची झाडं वीस-वीस फुटांवर आहेत. पिचर उभा राहतो तिथून होम प्लेट, म्हणजे बॅटरसमोरची पाटी, साठ फूट सहा इंच. म्हणजे तीन झाडांचं अंतर आणि वर जेमतेम वीत. धुऱ्याच्या कडेला मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसनं ठोकून त्यानं दहा इंचांचा उंचवटा स्वतः बनवला. अंधार पडला तरी मला चेंडूचा अंदाज येतो, कारण तो नीट सुटला असेल तर ग्लोव्हच्या जाळीत एकच कोरडा आवाज होतो. घरात बसलेल्या आजीलाही तो आवाज कळतो. "आज पोराचा हात चांगला चालून राहिला," असं ती तिथूनच म्हणायची.

डिसेंबरमध्ये विभागाचे सामने होते. त्या दिवशी त्यानं सकाळी एक मॅच पूर्ण टाकली आणि दुपारी दुसऱ्या मॅचला पुन्हा उभा राहिला. मी तारेच्या कुंपणामागे होतो. चौथ्या इनिंगपासून त्याचा चेंडू वर राहायला लागला. दोनदा त्यानं हात झटकला, एकदा कोपर पोटाशी धरलं. मला दिसत होतं. मी जाऊन त्याच्या सरांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं, कारण राज्याच्या संघातली जागा समोर दिसत होती. पाचव्या इनिंगला एक फास्टबॉल टाकला आणि चेंडू कुठे गेला ते न पाहता तो आपल्या हाताकडेच पाहत उभा राहिला. रात्री गाडीत म्हणाला, "दादा, आत काडी मोडल्यासारखं झालं."

तालुक्याला एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, पंधरा दिवस आराम करा, असं सांगून गोळ्या आणि पट्टा दिला. तीन आठवड्यांनी हळूहळू टाकायला घेतलं, तर दहाव्या-बाराव्या चेंडूला पुन्हा तेच. मग नागपूरला नेऊन एमआरआय केला. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, ज्याला यूसीएल म्हणतात, ते अर्धवट फाटल्याचं निघालं. एक डॉक्टर म्हणतात, तीन महिने फेकणं बंद, व्यायाम करा, मग पाहू. दुसरे म्हणतात, पिचिंगच करायचं असेल तर आज ना उद्या ऑपरेशन लागेल.

एमआरआयला आता दहा आठवडे झाले. त्याला जेवताना, लिहिताना, गाडी चालवताना काहीच दुखत नाही. बाबा म्हणतात, "दुखून नाही राहिलं ना, मंग बरा झाला. दुखते त खेळ सोडून दे. हे मधातलं काय हाय?" त्यांना काय सांगू, मलाच समजत नाही. पुढच्या वर्षी तो शालेय १९ वर्षांखालील गटातून बाहेर पडेल. मग कॉलेज, विद्यापीठाचा संघ. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि घरात त्यावर बरीच भिस्त आहे. थांबून बरं होण्याची आशा कितपत धरावी? बरं झालं हे ओळखायचं कसं? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

मोर्शी_फाटा

दादा, आमच्या भागात एक जण आहे, सांधा बसवून देतो. माझ्या चुलत्याचा खांदा त्यानंच चोळून मोकळा केला. ऑपरेशनच्या आधी एकदा दाखवून पाहा. पाहिजे तर मी सोबत येतो.

फिजिओताई_नागपूर

वरूडच्या भाऊ, वरच्या दादांचा हेतू चांगला आहे, पण हे कोपर कोणालाही चोळू देऊ नका, ओढू तर मुळीच देऊ नका. सांधा निसटलेला नाही. हाडं बांधून ठेवणारा आतला पट्टा फाटलाय. ओढल्यानं तो आणखी फाटेल.

बाबांचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्यांना असं सांगा: कोपर आतल्या बाजूनं उघडू न देणं हे या लिगामेंटचं काम. खांद्यावरून जोरात फेकताना हात मागून पुढे झेपावतो, त्या क्षणी कोपर उघडायला पाहतं आणि सगळा ताण यावर येतो. जेवताना किंवा गाडी चालवताना हा ताण येतच नाही. म्हणून घरात वावरताना मुलगा अगदी ठीक दिसतो आणि उंचवट्यावर उभा राहिला की नसतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. फाटलेला भाग दंडाच्या हाडाकडचा आहे की खालच्या हाडाकडचा? वरच्या टोकाचं अर्धवट फाटणं ऑपरेशनशिवाय बरं होण्याची शक्यता खालच्या टोकापेक्षा बरी असते. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का? येत असतील तर लगेच सांगा, तिथून नस जाते. आणि कोपरावर बाहेरच्या दिशेनं ताण देत, ते वाकवत-सरळ करत तपासलं का? नुसत्या एमआरआयच्या कागदावर निर्णय घेऊ नका.

ऑपरेशन लागलंच तर बहुतेक वेळा मनगटाकडचा एक बारीक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून लिगामेंटच्या जागी बसवतात. अंगठा आणि करंगळी एकमेकांना लावून मनगट थोडं आत वाकवलं की मधोमध दोरीसारखा उभा राहतो, तो. काही लोकांना तो जन्मापासूनच नसतो. त्यांच्या मांडीतून घेतात. त्यानंतर मॅच टाकायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात.

एक विचारू? सध्या मृग बहाराची तोड चालू असेल. तो कॅरेट उचलतो का?

वरूडचा_कॅचर

ताई, मनापासून धन्यवाद. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण नंतर स्वतःच त्याच्या हाताकडे पाहत होते. तो कंडरा आम्ही सगळ्यांनी पाहिला. भावाच्या दोन्ही मनगटांत आहे. माझ्या डाव्या हातात नाही, हे आजपर्यंत मला माहीतच नव्हतं.

कॅरेट मी त्याला उचलू देत नाही. पण आणखी एक गोष्ट आहे. परवा मी मोटर बंद करायला विहिरीकडे गेलो होतो. परत येताना दिसलं, झाडाखाली गळालेली संत्री उचलून तो धुऱ्यापलीकडे फेकत होता. उजव्या हातानं. मी दिसताच हात खिशात घातला. मी काही बोललो नाही. रागावू तरी कसा? आठव्या वर्गापासून तो हात रोज चेंडू फेकत आलाय.

फिजिओताई_नागपूर

रागावू नका, पण बोला मात्र. कोपराच्या दृष्टीनं संत्रं फेकणं हेही फेकणंच. लपून फेकलेल्याची मोजदाद राहत नाही आणि दुखलं तर तो तुम्हाला सांगणार नाही. सगळ्यात जास्त नुकसान त्यातून होतं.

डायमंड_प्रेमी

भाऊ, हिंमत सोडू नका. टॉमी जॉन नावाच्या पिचरचं हेच लिगामेंट १९७४ मध्ये गेलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्यावर पहिल्यांदा हे ऑपरेशन केलं तेव्हा परत येण्याची आशा शंभरात एक होती. १९७५ चा पूर्ण हंगाम बसून काढला, १९७६ मध्ये परत आला, १९८९ पर्यंत खेळला. ऑपरेशननंतर १६४ मॅच जिंकल्या! पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा जपानचा ओहतानी, त्याचं २०१८ मध्ये झालं, २०२३ मध्ये पुन्हा कोपरावर शस्त्रक्रिया, तरी २०२५ मध्ये परत पिचिंग करायला उभा राहिला. मधल्या २०२४ मध्ये एक चेंडू न टाकता नुसत्या बॅटिंगवर ५४ होमरन मारले. आणि आपला नीरज चोप्रा! मे २०१९ मध्ये कोपराचं ऑपरेशन, जानेवारी २०२० मध्ये ८७.८६ मीटर, आणि मग टोकियोचं सुवर्ण.

फिजिओताई_नागपूर

नीरजचं उदाहरण घरात देऊ नका. त्याचं ऑपरेशन या लिगामेंटचं नव्हतं. ते आठ महिन्यांचं गणित भावाच्या डोक्यात बसलं तर नवव्या महिन्यात तो उगाच खचेल.

अकोटचे_सर

पोस्ट काल रात्री वाचली, झोप लागली नाही म्हणून आज लिहितो.

मी पीटी शिक्षक. स्वतः पिचर होतो. आमच्या वेळी एमआरआय कोणी पाहिला नव्हता. कोपर दुखलं की तेल कोमट करून लावायचं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर. माझा हात गेला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. दीड वर्ष थांबलो, परत आलो. चेंडू जायचा, पण तो आता माझा राहिला नव्हता. मनात जिथे ठेवायचो तिथे पडत नव्हता. दोन हंगाम ओढले आणि मग पहिल्या बेसवर उभा राहिलो, तिथे फेकावं कमी लागतं. तिथून पुढे चार वर्षं चांगली खेळलो. भावाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. परत येणं म्हणजे तोच हात परत मिळणं असं नेहमी होत नाही, आणि हे त्याला आधी घरच्या माणसाकडून कळलेलं बरं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता त्या दिवसाबद्दल. कुंपणामागे उभ्या असलेल्या भावाचा तो दोष नाही. तो निर्णय आम्ही शिक्षकांनी घ्यायचा असतो. अमेरिकेत १७-१८ वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडू, आणि ८१ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती, अशी मार्गदर्शक पद्धत आहे. आमच्याकडे तीन दिवसांत स्पर्धा उरकायची असते आणि संघात भरवशाचा पिचर एकच. त्यात तोच मुलगा सॉफ्टबॉललाही उतरवतात. मी स्वतः उतरवले आहेत. गेली सहा वर्षं खिशात वही ठेवतो, प्रत्येक चेंडूला एक रेघ. पंच्याऐंशीवर मुलगा बाहेर, मॅच गेली तरी चालेल. त्यापायी दोनदा जिल्ह्यावरूनच घरी आलो. पालक बोलले, मुख्याध्यापक बोलले.

तुम्ही एक वही करा. टाकलेले चेंडू, अंतर, त्या रात्री काय वाटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटलं. सकाळचं जास्त महत्त्वाचं. आणि लिहू द्या त्यालाच, तुम्ही लिहू नका.

वरूडचा_कॅचर

सर, तुमचं लिहिलेलं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या बेसच्या ओळीवर तो उठून बाहेर गेला. अर्ध्या तासानं आला आणि म्हणाला, "सरांना विचार, त्यांना पिचिंगची आठवण येते का."

अकोटचे_सर

रोज येते. सांगा त्याला.

वरूडचा_कॅचर

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, माफ करा. मधात तोड आणि त्याची परीक्षा, दोन्ही एकत्र आलं.

नागपूरला पुन्हा दाखवलं. ताईंनी सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून नेले होते, डॉक्टरांनी तो कागद शांतपणे पूर्ण वाचला. फाटलेला भाग वरच्या टोकाचा आहे. बोटांना मुंग्या नाहीत. ताण देऊन तपासलं तेव्हा दुखलं नाही. ऑपरेशन सध्या नको, पण पुढे लागणारच नाही असं कोणी लिहून देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अंतर ठरवून फेकायला परवानगी दिली. आधी पंचेचाळीस फूट, मग साठ, नव्वद, एकशेवीस. एक दिवस आड. उंचवट्यावर इतक्यात नाही, सपाट जमिनीवरच. मधात दुखलं तर एक पायरी मागे.

सोमवारी सुरू केलं. पंचेचाळीस फूट म्हणजे दोन झाडं आणि पुढे पाच फूट. तिथे चुन्याची रेघ मारली. बाबा बाजेवर येऊन बसले होते. मी ग्लोव्ह घातला आणि खरं सांगतो, ग्लोव्ह वर धरायला माझाच हात उठेना. पहिला चेंडू आला तो अगदी हळू, पोत्यावर पडल्यासारखा मऊ आवाज झाला. पंचवीस चेंडू झाले. आजी आतून काही म्हणाली नाही.

बुधवारी पंचवीस. आज शुक्रवारी पुन्हा पंचवीस. शेवटच्या पाचांत दोन चेंडू जाळीत नीट बसले. त्याच्या वहीत सोमवार आणि बुधवारच्या रात्री "काही नाही" असं लिहिलंय. मंगळवार सकाळ, "काही नाही". पण गुरुवारच्या सकाळसमोर लिहिलंय, "दुखत नाही, पण तिथे कोपर आहे असं वाटतं." विचारलं तर याहून जास्त सांगता येत नाही म्हणतो. आज फेकताना पुन्हा तसं वाटलं का, तर नाही म्हणाला.

ताई, सर, हे दुखण्यात धरायचं का? रविवारी पंचेचाळीसवरच थांबू, की एक दिवस जास्त सुट्टी देऊ?