गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या जुन्या वस्तू पावसाळ्यात कशा जपायच्या?

डिचोली_मंडळ
आमच्या गावातल्या मंडळाने खाणीच्या काळातल्या वस्तू जमवल्यात. पिकास, पहारी, घमेली, टिपरची (खनिज वाहणाऱ्या ट्रकची) नंबरपाटी, बार्जची (नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट बोटीची) साखळी आणि छोटा नांगर, वजनकाट्याच्या पावत्या, खाणीच्या नकाशांच्या निळ्या गुंडाळ्या. चवथीला शाळेच्या एका खोलीत मांडायच्या आहेत. खोलीच्या भिंती जांभ्याच्या आणि वर कौलं. पाऊस तोंडावर आलाय. लोखंडाला डिझेल लावून ठेवा असं बरेच जण सांगतात. काय करावं? आणि मांडणीत नेमकं काय असावं?

धातूजतन
डिझेल किंवा इंजिन ऑइल नको. त्यावर लाल धूळ बसते, तेल आणि धूळ मिळून चिकट थर होतो आणि खाली गंज सुरूच राहतो. शिवाय शाळेच्या खोलीत वास आणि आगीचा धोका. व्हिनेगरमध्ये बुडवायचाही सल्ला मिळेल. तोही ऐकू नका. धातू खाल्ला जातो, आणि आम्ल नीट धुतलं नाही तर दोन दिवसांत नवा गंज.

पिकास, पहारी, घमेली यांचं काम सोपं आहे. सुटा गंज पितळी किंवा ताठ नायलॉनच्या ब्रशने झाडा. ग्राइंडर लावू नका, हातोडीचे ठोके आणि वापराच्या खुणा जातात. मग टॅनिक आम्लाचं साधारण 10 टक्के द्रावण, त्यात थोडं स्पिरिट, ताठ ब्रशने घासून भरा. गंज काळा पडतो. पूर्ण वाळू द्या, असे तीन हात. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेण, वस्तू किंचित कोमट असताना. दांडे लाकडाचे असतील तर आधी चिकटपट्टीने गुंडाळा, टॅनिकचा डाग जात नाही.

नंबरपाटीला हे काहीच करू नका. रंगवलेली अक्षरं हाच तिचा पुरावा. मऊ कापडाने पुसा, बस्स. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून बार्जच्या कुठल्याही भागावर सँडपेपर नको.

आमोणे_धक्का
साखळी आणि नांगराची गोष्ट वेगळी, धातूजतन यांच्या पद्धतीने ते टिकणार नाहीत. खाऱ्या पाण्यातलं मीठ गंजाच्या आत शिरलेलं असतं. वरून टॅनिक आणि मेण दिलं तरी पावसाळ्यात पृष्ठभागावर पिवळसर थेंब येतात आणि पापुद्रे सुटतात. आधी मीठ काढा: प्लास्टिकच्या ड्रममध्ये 2 टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण (10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम, सोडा पाण्यात घालायचा, उलट नाही, हातमोजे आणि चष्मा हवाच). दर आठवड्याला द्रावण बदला. काढलेल्या द्रावणाचा थोडा नमुना नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरं पडायचं थांबेपर्यंत चालू ठेवा. साखळीला महिनोन्‌महिने लागू शकतात. चवथीपर्यंत होणार नाही, तेव्हा यंदा फोटो मांडा आणि ड्रम बाहेर ठेवा. नुसत्या मेणाने यंदाचं भागवून पुढच्या वर्षी नांगर फुटलेला पाहायचा, त्यापेक्षा हे बरं.

मांडणीबद्दल: पावसाळ्यातला मार्ग दाखवा. आग्वादच्या मुखाशी मांडवीचं पाणी खवळलं की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुवारी नदीत उतरत आणि मुरगाव बंदरात जात. कापडावर मोठा नकाशा काढला तर मुलांना लगेच कळेल. त्याच्या खाली तारखा: 1987 चा पोर्तुगीज काळातल्या खाण-परवान्यांना (कन्सेशन) खाणपट्ट्यांत (लीज) बदलणारा कायदा, सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 मधली खाणकामावरची बंदी, फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले 88 पट्ट्यांचे नूतनीकरण.

कागदवाली
कागदाकडे आधी बघा, लोखंड थांबू शकतं. यांत्रिक काट्यावरच्या छापील पावत्या टिकतात; नंतरच्या थर्मल (उष्णतेने छापलेल्या) पावत्या फिकट होतात, त्या आजच फोटो काढून घ्या. पिना काढा. लॅमिनेशन करायचं नाही, कधीच.

निळ्या गुंडाळ्या दोन प्रकारच्या असतात. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असतील तर खरी ब्लूप्रिंट. अल्कधर्मी कागदात किंवा बफर केलेल्या (अल्क मिसळलेल्या) डब्यात ती फिकट होते, म्हणून साधा अनबफर्ड कागद वापरा. पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेघा असतील तर डायझो (नकाशाच्या छपाईचा दुसरा प्रकार). ती उजेडाने जाते. मूळ मांडू नका, स्कॅन मांडा (300 ते 400 डीपीआय, टिफ). गुंडाळी 10 सेंमी व्यासाच्या नळीवर सैल.

जांभ्याची भिंत ओल ओढते, कपाट तिच्यापासून 15 सेंमी दूर आणि पायांखाली विटा. काचेच्या बंद पेटीसाठी दर घनमीटरला 20 किलो सिलिका जेल धरा. म्हणजे 50 बाय 50 बाय 40 सेंमीच्या पेटीला 2 किलो. रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवायचं, आणि पेटीत आर्द्रतामापक ठेवायचाच.

एक गोष्ट विसरू नका. लोकांचं म्हणणं नोंदवताना फक्त टिपरवाले आणि मशीनवाले नकोत. सुरुवातीच्या काळात पाट्या भरणाऱ्या बायका, ज्यांच्या शेतात व्हाळातून (ओढ्यातून) आलेला लाल गाळ बसला ते शेतकरी आणि विहीर आटलेली घरं यांनाही विचारा. नोंद वॅव्ह फाइलमध्ये ठेवा, सुरुवातीला नाव आणि तारीख बोलून घ्या, आणि संमतीच्या कागदावर 'माहितीपर वापरास हरकत नाही' एवढंच न लिहिता कुठे दाखवणार तेही लिहा.

डिचोली_मंडळ
साखळी-नांगर ड्रममध्ये, ठरलं. सिल्व्हर नायट्रेट शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल. खनिजाचे तुकडे बंद खाणीतून आणले तर चालेल का?

आमोणे_धक्का
नको. पट्टा कुणाचा आहे, ते आधी पाहावं लागेल, आणि खाणकामाच्या जागेत परवानगीशिवाय जाता येत नाही. खड्ड्यात पाणी आहे, कडा ढिसूळ आहेत. गावात कुणाच्या घरी तुकडा असेलच, लेखी संमती घेऊन तोच मागा.