मदत हवी आहे: जुलैत क्रुगर + चोबे + व्हिक्टोरिया फॉल्स, एका गाडीत होईल का? (तातडीचे)

सह्यवाट
नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारतो, उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरायचे आहेत.
जुलैच्या शेवटी जोहान्सबर्गला उतरतोय. तिथे गाडी भाड्याने घ्यायची, क्रुगर राष्ट्रीय उद्यान करायचं, मग बोत्स्वानात चोबेचं जंगल, मग झिंबाब्वेतला व्हिक्टोरिया फॉल्स धबधबा आणि परत जोहान्सबर्ग. एजंट म्हणतो असं होत नाही, आमचं पॅकेज घ्या. पॅकेजचा आकडा बघून डोळे पांढरे झाले. प्रश्न एवढाच आहे: गाडीने होईल की नाही? विमान झालंय, व्हिसा झालाय. जाऊन आलेल्यांनीच लिहा, नकाशा मलाही बघता येतो.

मुंगूसमामा
किती दिवस, किती माणसं, कुठली गाडी, यातलं काहीच लिहिलेलं नाही. आणि उत्तर मात्र हो की नाही असं हवंय.

सह्यवाट
दीडेक आठवडा. चौघं. गाडी साधी सेडान. आता सांगा.

रानभैरी
जुलै-ऑगस्ट म्हणजे मसाई मारा! विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते याच दिवसांत. आम्ही केनिया केलं, डोळ्याचं पारणं फिटलं. क्रुगर कसलं करताय?

मुंगूसमामा
त्यांचं तिकीट जोहान्सबर्गचं आहे हो.

जोबर्गकर
इथे बरीच वर्षं राहतोय म्हणून सविस्तर लिहितो.
जोहान्सबर्ग ते क्रुगरचं स्कुकुझा कॅम्प, साधारण साडेचारशे किमी, पाच तास. रस्ता उत्तम, गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने. इथपर्यंत तुमची सेडान झकास. क्रुगरमधले मुख्य रस्ते डांबरी आहेत, आतले कच्चेही सेडानला चालतात. डांबरीवर ५०, कच्च्यावर ४० ची मर्यादा.
पुढे गडबड आहे. क्रुगरहून कसाने (चोबेचं गाव) म्हणजे बाराशे-तेराशे किमी. मध्ये सीमा, मग फ्रान्सिसटाऊन, नाटा, आणि नाटा ते कसाने हा तीनशे किमीचा पट्टा, जिथे हत्ती रस्त्यावर येतात. बोत्स्वानात हमरस्त्यांवर गाई-गाढवं मोकळी फिरतात, त्यामुळे अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. जुलै म्हणजे इथे हिवाळा, साडेपाच-सहालाच अंधारतं. म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. तुमच्या दीड आठवड्यातले चार दिवस डांबर बघण्यात गेले.
शिवाय चोबेत नदीकाठचा रस्ता वाळूचा आहे. सेडान रुतणारच, तिथे फोर बाय फोर लागते. आणि गाडी सीमेपार न्यायला भाडेकंपनीचं पत्र लागतं, तेही आधी सांगून ठेवलं तरच मिळतं.
तेव्हा उत्तर: होईल, पण करू नका.

सह्यवाट
धन्यवाद, पहिल्यांदाच कोणीतरी कामाचं बोललं. मग चोबे सोडून द्यायचं का? बाबांना हत्ती बघायचेत.

ताडोबाकर
हत्तींसाठी चोबेच. पण क्रुगरमध्ये स्वतःच्या गाडीने फिरणं म्हणजे वेळेचा अपव्यय. गाइड नाही, वायरलेस नाही, गवतात सिंह बसलेला असेल तरी दिसत नाही. त्यापेक्षा साबी सँड्समध्ये दोन रात्री घ्या. ते खाजगी रिझर्व्ह क्रुगरला लागूनच आहे. मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं, त्यामुळे प्राणी तेच. फरक एवढाच की तिथे गाडी रस्ता सोडून आत जाऊ शकते आणि पुढे माग काढणारा माणूस बसलेला असतो. बिबट्या हमखास.

मुंगूसमामा
साबी सँड्सच्या दोन रात्रींच्या पैशात क्रुगरमध्ये चार माणसांचा अख्खा मुक्काम निघतो. पॅकेज परवडत नाही म्हणून माणूस इथे आला आणि तुम्ही त्याला त्याहून महाग दुकान दाखवताय.

ताडोबाकर
आयुष्यात एकदाच जायचं तर नीट जा, एवढंच म्हणतोय. आपल्याकडे वाघ दिसला नाही की "जंगल अनुभवलं" असं म्हणायची पद्धत आहे. तिथे तशी वेळ यायला नको.

जोबर्गकर
@ताडोबाकर, हिवाळा आहे हे विसरताय. मे-जूनपासून पाऊस नाही, गवत खाली बसलेलं, झुडपं निष्पर्ण, आतली डबकी आटलेली. जनावर पाण्यावर येतंच, आपण पाण्यावर बसायचं. लोअर साबी कॅम्पच्या अगदी बाजूला सनसेट डॅम आहे. गाडी लावा, काचेआडून तासभर बघत बसा. हिप्पो, मगरी, पाण्यावर आलेले हत्ती, सगळं तिथे. स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा रस्ता तर डिसेंबरात जे देत नाही ते जुलैत देतो. इथली माणसं वर्षानुवर्षं अशीच फिरतात, गाइडशिवाय.
एकच शिस्त: कॅम्पचं दार जुलैत सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशीर झाला की दंड. आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही.

भिंगवाला
१५०-६०० ची लेन्स घ्या. १००-४०० पण चालते, पण पहाटेच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) वाढवावा लागतो. लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी न्या आणि तिथे तांदूळ विकत घेऊन भरा, वजन वाचतं. ट्रायपॉड गाडीत कुचकामी.

सह्यवाट
लेन्सबद्दल विचारलेलं नाही. मोबाइल आहे.

भिंगवाला
मग दुर्बीण तरी न्या. ८ बाय ४२.

ठाण्याची_मावशी
अरे बाळा, कपड्यांचं कुणी बोललंच नाही. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून आम्ही सुती कपडे नेले होते. पहाटे उघड्या जीपमध्ये वारा असा झोंबतो की दात वाजतात. कसानेला पहाटे पारा एक आकडी असतो, दुपारी त्याच जागी पंचवीसच्या वर. कानटोपी, हातमोजे, मफलर, आणि एकावर एक घालायचे कपडे. जाड जॅकेट एकच असेल तर दहा वाजता काढून कुठे ठेवशील? बरोबर थेपले, भडंग ने. शाकाहारी आहात का? तिकडे जिथे तिथे ब्राय, म्हणजे निखाऱ्यावर मांस.

सह्यवाट
मावशी, शाकाहारीच. आई-बाबा अंडंसुद्धा खात नाहीत. मुलगी खाते.

तळटीप
थांबा. आई-बाबा आणि मुलगी? चौघं म्हणजे तुम्ही, आई, बाबा, मुलगी? मुलीचं वय काय, आणि मुलीची आई येतेय का?

सह्यवाट
पाच वर्षं. बायकोला रजा नाही. याचा गाडीशी काय संबंध?

तळटीप
गाडीशी नाही, विमानतळाशी आहे. मूल एकाच पालकाबरोबर असेल तर दोन्ही पालकांची नावं असलेला जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जवळ हवं. दक्षिण आफ्रिकेने हा नियम २०१५ मध्ये फार कडक केला होता, नंतर थोडा सैल केला. बोत्स्वानाच्या सीमेवरही मागतात. व्हिसाच्या वेळी दिलं असेल तरी मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.
आता व्हिसा. स्टिकरवर प्रवेश एकदाच आहे की अनेकदा? दक्षिण आफ्रिकेतून बोत्स्वानात जाऊन परत जोहान्सबर्गला येणार म्हणजे दोनदा प्रवेश.

सह्यवाट
आत्ता बघितलं. एकदाच. एजंट काहीच बोलला नव्हता.

मुंगूसमामा
चला, गाडीचा प्रश्न निकालात निघाला.

जोबर्गकर
घाबरू नका, क्रम उलटा करा. विमान कुठून आहे? मध्ये कुठे उतरताय?

सह्यवाट
मुंबईहून अदिस अबाबामार्गे. तिथे चौदा तासांचा थांबा आहे, कंपनी हॉटेल देते म्हणून मुद्दाम ते घेतलं. स्वस्तही होतं.

तळटीप
यलो फीव्हरची लस घेतलीत का? अदिस इथिओपियात आहे, आणि इथिओपिया त्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. यादीतल्या देशात विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते, आणि तुम्ही तर हॉटेलला म्हणजे बाहेरच पडताय. परत येताना आपल्याकडेही प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि सरकारमान्य केंद्रातच. एकदा घेतली की आता जन्मभर चालते.
बाबांचं वय?

सह्यवाट
६८. आई ६५. अजून काही विचारायचं राहिलंय का?

तळटीप
हो. साठीनंतर ही पहिलीच लस असेल तर धोका थोडा वाढतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. ज्यांना देता येत नाही त्यांना सूट असल्याचं वैद्यकीय पत्र मिळतं. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा (न खाणं वेगळं, अ‍ॅलर्जी वेगळी).

ठाण्याची_मावशी
आमच्या ह्यांनी सत्तराव्या वर्षी घेतली, काही झालं नाही.

तळटीप
मावशी, म्हणूनच डॉक्टरांना विचारा म्हणतोय.

जोबर्गकर
आता माझं ऐका. अदिसहून व्हिक्टोरिया फॉल्सलाही विमान असतं. जातानाचं तिकीट तिथपर्यंत बदलून मिळतंय का बघा. मिळालं तर आधी धबधबा. जुलैत पाणी चांगलं असतं: एप्रिल-मे एवढं नाही, पण तेव्हा तुषारांत धबधबाच दिसत नाही, त्यापेक्षा हे बरं. तिथून कसाने ऐंशी किमी, हॉटेलवाले गाडी देतात. चोबेत संध्याकाळची बोट घ्या, हत्ती नदी पोहून जाताना दिसतात आणि बाबांना जीपमधले धक्के नाहीत. मग कसानेहून विमानाने जोहान्सबर्ग, तिथे दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा आणि एकदाच प्रवेश, सेडान घ्या, क्रुगर करा आणि घरी.
झिंबाब्वेचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, बोत्स्वानाचा मात्र आधी काढावा लागेल. आज अर्ज करा. पासपोर्टात कोरी पानं आहेत ना बघा.

ताडोबाकर
योजना चांगली आहे. पण तरी एक रात्र साबी सँड्स...

मुंगूसमामा
पाच वर्षांचं मूल घेऊन? बऱ्याच खाजगी लॉजमध्ये त्या वयाला जीपमध्ये घेत नाहीत. क्रुगरच्या सरकारी उघड्या गाड्यांतही सहाच्या खाली परवानगी नाही. स्वतःची सेडान हाच तिचा सफारी ट्रक.

सह्यवाट
म्हणजे नाइट ड्राइव्ह नाही? आणि बाबांना पायी सफारी करायची होती, मी त्यांना सांगून बसलोय.

जोबर्गकर
नाइट ड्राइव्हला आई-बाबा दोघंच जाऊ देत, तुम्ही मुलीबरोबर कॅम्पवर थांबा. पायी सफारीला वय १२ ते ६५, तेव्हा ते राहिलं. बाबांना स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिकच्या लपणात न्या. पाण्याच्या कडेला लाकडी बैठक आहे, बसल्या जागी हिप्पो आणि खंड्या. मुलीलाही चालतं, फक्त गप्प बसायला हवं.

नीलपंख
पक्ष्यांसाठी मात्र हिवाळा वाईट, हे कोणीच सांगणार नाही. स्थलांतरित सगळे गेलेले, कारमाइन बी-ईटर नाही, युरोपियन रोलर नाही. आपल्या चासाचा भाऊबंद लायलॅक-ब्रेस्टेड रोलर तेवढा बारमाही भेटतो. जानेवारीत जा, जंगल हिरवंगार असतं.

जोबर्गकर
जानेवारीत गवत कंबरेएवढं, उकाडा आणि मलेरियाही जास्त. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन जुलैच बरा. धोका कमी असतो, पण नसतोच असं नाही. तेव्हा गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि मलम. आणि जुलैत इम्पाला लिली फुलते, तीही बघा. आपल्याकडे कुंडीत लावतात ते अडेनियम, त्याचीच रानातली बहीण. कॅम्पच्या आवारातच दिसेल.

रानभैरी
चित्ते बघायचे तर कुनोला जा ना. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून इथेच आणलेत.

मुंगूसमामा
कुनोत बाबांना जंगली हत्ती कोण दाखवणार? हलके घ्या.

भिंगवाला
चार्जरचं एक सांगायचं राहिलं. दक्षिण आफ्रिकेचं सॉकेट म्हणजे आपल्या गिझरच्या जाड तीन पिनांचं. ते अडॅप्टर इथेच रस्त्यावरच्या दुकानात मिळतं, विमानतळावर घेऊ नका. बोत्स्वानात तेही आणि इंग्लंडचं चौकोनी पिनांचंही.

सह्यवाट
हे बरं सांगितलंत.

ठाण्याची_मावशी
आणि बोत्स्वानात शिरताना थेपल्याबरोबर तूप-दही-चीज नेऊ नकोस. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने दूधदुभतं आणि कच्चं मांस काढून घेतात. सीमेवर आम्हाला बूटसुद्धा औषधाच्या पाण्यात बुडवायला लावले होते. नवे बूट होते ह्यांचे.

सह्यवाट
सगळ्यांना उत्तर: विमान कंपनीशी बोललो, थोडे पैसे भरून तिकीट व्हिक्टोरिया फॉल्सपर्यंत बदलून मिळतंय. अदिसचा थांबाही कमी होतोय. लस आई-बाबांचे डॉक्टर सांगतील तशी. बोत्स्वानाचा अर्ज आज रात्री बसून भरतो. एजंटला ‘पॅकेज नको’ असं कळवलंय.
आता एकच प्रश्न. लोअर साबी त्या तारखांना पूर्ण भरलेलं दाखवतंय. स्कुकुझात दोन रात्री मिळाल्या, पुढच्या तीन रात्री कुठे?

जोबर्गकर
इथल्या शाळांची हिवाळी सुट्टी त्याच सुमारास संपते आणि नोंदणी अकरा महिने आधी उघडते, त्यामुळे लोअर साबी सगळ्यात आधी जातं. दोन रात्री क्रुगरच्याच सातारा कॅम्पला घ्या, सिंहांसाठी एस-१०० रस्ता तिथूनच सुटतो. शेवटची रात्र बर्ग-एन-डाल कॅम्पला, गेंड्यांचा भाग आहे आणि परतीला क्रुगरचं मलेलेन दार जवळ. लोअर साबीसाठी रोज सकाळी साइट उघडून बघत राहा, लोक रद्द करतात.

ताडोबाकर
साताराहून साबी सँड्स फार लांब नाही, एवढंच सांगून थांबतो.

सह्यवाट
सातारा?? आई म्हणतेय आफ्रिकेत जाऊनही साताऱ्यालाच राहायचं का. बुक करतोय.